जिंगलमधला ‘को’ कुठे जातो?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या सराफांच्या गुजरीत किंवा चांदीकामाच्या हुपरीत मोबाइलवर इंटरनेट रेडिओ लावून दिवसभर काम करणारा कारागीर गाण्यासाठी हातातलं काम थांबवत नाही. जिंगल लागल्यावर मात्र त्याचा हात आवाज कमी करायला पुढे जात असेल, तर दोष त्याचा नाही. जिंगल म्हणजे स्टेशनचं नाव. आपलं नाव ऐकून कुणी आवाज कमी करत असेल तर स्टेशन चालवणाऱ्यांनी ते मनाला लावून घ्यायला हवं. दुरुस्तीसाठी महागडं सॉफ्टवेअर किंवा मुंबई-पुण्याचा स्टुडिओ लागत नाही. फाइल नीट तयार करायची आणि वेळापत्रकात नीट बसवायची, इतकंच काम आहे, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. आपल्या भागातली महाविद्यालयं, मंडळं, भजनी गट किंवा हौशी तरुण यांपैकी जे इंटरनेट रेडिओ चालवतात किंवा सुरू करू पाहतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात एका अक्षरापासून करू. ‘कोल्हापूर’ या शब्दाने सुरू होणारी जिंगल श्रोत्याला पुष्कळदा ‘ल्हापूर’ अशी ऐकू येते. ‘क’ हा स्फोटक वर्ण आहे, त्याचा स्फोट सेकंदाच्या काही शतांश भागात होऊन जातो. नेमकं त्याच क्षणी सॉफ्टवेअर आधीच्या गाण्याचा शेवट आणि जिंगलची सुरुवात एकमेकांवर चढवत असतं, म्हणजे क्रॉसफेड करत असतं. दोन गाण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड गोड लागतो, कारण गाणं बहुधा वाद्यांनी सुरू होतं आणि वाद्यांनीच संपतं. पाच सेकंदांच्या जिंगलला तोच फेड दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेकंद लागला की पूर्ण आवाजात उरतो तो मधला एक सेकंद. नाव सुरुवातीला असेल तर ते गेलं, शेवटी असेल तरी गेलं.

अझुराकास्ट हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर बऱ्याच छोट्या स्टेशनांना सोयीचं पडतं, म्हणून उदाहरणं त्यातलीच देतो. तिथे प्रत्येक फाइलच्या एडिट खिडकीत फेड-इन आणि फेड-आउट वेगळे भरता येतात. जिंगलसाठी दोन्ही ठिकाणी शून्य लिहावं. रकाना रिकामा सोडणं म्हणजे शून्य नव्हे. रिकामा रकाना दिसला की सॉफ्टवेअर स्टेशनचा ठरलेला फेड लावतं, आणि ‘मी तर काहीच भरलं नव्हतं’ म्हणणारा गोंधळात पडतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलनिहाय फेडची सोय नसेल, तर जिंगलची रचनाच बदला: आधी दीड-दोन सेकंद सूर, मग नाव, मग पुन्हा सेकंदभर सूर. इथे सनई किंवा पेटीचा लांब सूर चालतो. हलगी कितीही आपली असली तरी अगदी पहिल्या क्षणाला नको. फेडमध्ये तिचा पहिला ठोका मरतो आणि पुढचे ठोके चुकल्यासारखे वाटतात. हलगी वाजवायचीच असेल तर नावानंतर वाजवा, तिथे ती उठून दिसते.

आता आवाजाची पातळी. श्रोत्याचा हात मोबाइलकडे जातो तो मुख्यतः यामुळे. जिंगल बनवणारा ती एकटी ऐकतो, ‘दणक्यात’ वाटेपर्यंत वाढवतो आणि शून्य डेसिबलला टेकवून देतो. पण कानाला मोठं वाटणं शिखरावर, म्हणजे आवाजाच्या क्षणभराच्या सर्वोच्च पातळीवर, नाही, सरासरी लाउडनेसवर ठरतं. तो एलयूएफएस या एककात मोजतात. स्टिरिओ प्रक्षेपणासाठी उणे १६ एलयूएफएस आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर नाही, हा सुरक्षित हिशोब आहे. तो एक डेसिबल मोकळा ठेवायचा, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वर सरकतात आणि शून्याला टेकलेला आवाज चरचरतो. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा इफेक्ट आहे, त्याचा मूळ आकडा उणे २३ असतो, तो बदलून उणे १६ करावा लागतो. जिंगल मोनो असेल तर तिथलीच ‘ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल-मोनो’ ही खूण चालू ठेवावी. ती काढली तर मोनो फाइल दोन्ही स्पीकरवर वाजताना ३ डेसिबल जास्त भरते.

याहून फसवी चूक रिप्लेगेनची, म्हणजे फाइलींचा आवाज आपोआप एका पातळीला आणणाऱ्या सोयीची. गाण्यांच्या फाइलींना रिप्लेगेनचे टॅग लावलेले असतात आणि स्टेशनवर तो पर्याय चालू असतो, म्हणजे सगळी गाणी साधारण उणे १८ एलयूएफएसच्या आसपास आणली जातात. काल रात्री बनवलेल्या जिंगलला मात्र टॅगच नसतो, त्यामुळे ती जशीच्या तशी, समजा उणे ९ ला, वाजते. फरक ९ डेसिबलचा झाला. १० डेसिबल म्हणजे कानाला जवळपास दुप्पट आवाज, हे लक्षात घेतलं की श्रोता का दचकतो ते समजतं. गाणी आणि जिंगल एकाच मापाने मोजा: एक तर दोन्हींना टॅग लावा, नाही तर दोन्ही आधीच एका पातळीला आणून ठेवा आणि रिप्लेगेन बंद करा. आमचं मत असं की जिंगल गाण्यांपेक्षा एक-दोन डेसिबल खालीच असावी. मोकळा बोललेला आवाज वाद्यांच्या गर्दीनंतर आपोआप पुढे येतो, त्याला ढकलावं लागत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. तो नसेल तर माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट बसत नाही. खोलीत गाद्या, गोधड्या, कपड्यांचं कपाट जे असेल ते कामाला येतं. पंखा बंद. शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास. नंतर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापावं. विजेची घरघर आली असेल तर ती ५० हर्ट्झला आणि तिच्या पटींत असते, म्हणजे ८० च्या कापणीनंतरही १०० आणि १५० ला उरते, तिथे तेवढीच पट्टी कापणारी अरुंद खाच (नॉच फिल्टर) मारावी लागते. पार्श्वसंगीत बोलण्यापेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये जपावी आणि स्टेशनवरही तीच चढवावी. एमपी३ चढवली तर स्ट्रीमसाठी ती पुन्हा एकदा दाबली जाते, आणि दोनदा दाबलेल्या आवाजात ‘स’, ‘श’, ‘च’ पाण्यात बुडवल्यासारखे होतात.

कमी बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला कमी डेटा पाठवणाऱ्या, स्ट्रीमवर हे जास्तच जाणवतं. ३२ केबीपीएसची एएसी प्लस स्ट्रीम तासाला १४.४ एमबी डेटा घेते, ६४ ची २८.८ आणि १२८ ची ५७.६. कमी रेंजच्या गावांसाठी ३२ ची स्ट्रीम ठेवणं चांगलंच आहे. पण तिथे वरच्या पट्टीतला आवाज पूर्ण पाठवलाच जात नाही, मोबाइल तो खालच्या पट्टीवरून अंदाजाने पुन्हा उभा करतो. म्हणून जिंगलवर घातलेला देवळातल्या गाभाऱ्यासारखा घुमारा या स्ट्रीमवर निव्वळ खरखर होऊन बसतो. घुमारा कमी करा आणि जिंगल अपलोड झाली की स्टुडिओच्या स्पीकरवर नव्हे, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ३२ ची स्ट्रीम लावून ऐका.

लांबीचं म्हणाल तर स्टेशनच्या नावाची जिंगल ५ ते ८ सेकंद, दोन गाण्यांमधला स्वीपर २ ते ४ सेकंद आणि कार्यक्रमाचा प्रोमो २० ते ३० सेकंद. आठ सेकंदांत पंधरा-सोळा शब्दांपेक्षा जास्त बसवायला गेलं की बोलणारा धावतो. नाव, ओळख आणि कुठे ऐकायचं, एवढं पुरे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गदर्शक यांची नावं जिंगलमध्ये घालू नयेत, त्यासाठी फलक आहे.

यंत्राच्या आवाजाने जिंगल बनवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि ते लिहिण्यात वेगळे दिसत नाहीत. मजकूर वाचून दाखवणारं यंत्र तिथेच चुकतं. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ यातला ‘चां’ हा ‘चांगला’मधला आहे, ‘चंद्र’मधला नाही. हा उच्चार चुकलेली जिंगल चैत्र यात्रेच्या दिवसांत वाजली तर वाडी रत्नागिरीच्या वाटेवरचा माणूस पहिल्याच शब्दाला ओळखतो की हे आपल्याकडचं नाही. ‘झणझणीत’चंही तेच. यंत्राला शब्द वेगळ्या पद्धतीने लिहून देऊन उच्चार थोडाफार वळवता येतो, पण त्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात शाळेतल्या एखाद्या बाईंचा किंवा तालमीतल्या वस्तादांचा खरा आवाज मुद्रित होतो. आमचा कौल त्याच बाजूला. प्रसिद्ध गायकाचा किंवा नटाचा आवाज यंत्राने हुबेहूब काढून वापरणं तर अजिबात नको. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर अशा आवाज-नकलेविरुद्ध अंतरिम मनाई दिली आहे.

फाइल तयार झाली. आता ती बसवायची कुठे?

अपलोड केलेली फाइल आपोआप वाजत नाही, ती प्लेलिस्टला जोडावी लागते. ‘चढवली पण लागत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा एवढंच असतं. जिंगलसाठी वेगळी प्लेलिस्ट करावी. गाण्यांच्या ४०० फाइलींत ८ जिंगल मिसळून टाकल्या तर सरासरी एक्कावन्न फाइलींत एक जिंगल येईल, म्हणजे साडेतीन तासांत एकदा. उलट, जिंगलची वेगळी प्लेलिस्ट केली पण तिचा प्रकार ‘जनरल रोटेशन’च ठेवला आणि वजन गाण्यांच्या प्लेलिस्टइतकंच राहू दिलं, तर सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी दोन्हींतून समान शक्यतेने निवड करतं. अर्ध्या वेळा जिंगल लागते, कधी तीन-तीन सलग लागतात आणि लोक विचारतात, स्टेशन अडकलं का? जिंगलसाठी ‘वन्स पर एक्स साँग्ज’ किंवा ‘वन्स पर एक्स मिनिट्स’ हे प्रकार आहेत, तेच निवडावेत.

गाण्यांवर मोजायचं की मिनिटांवर, हे कार्यक्रम पाहून ठरतं. सिनेगीतं साधारण चार-पाच मिनिटांची असतात, दर चार गाण्यांनी एक जिंगल म्हणजे तासाला तीन होतात, ठीक आहे. पण हाच नियम सकाळच्या अभंगांना लावला आणि एकेक अभंग दहा मिनिटांचा असला, तर चाळीस मिनिटं स्टेशनचं नावच येत नाही. पोवाडा पंचवीस मिनिटांचा असू शकतो, मग तर विचारूच नका. म्हणून भक्तिसंगीत, नाट्यपदं, पोवाडे असतील तेव्हा मिनिटांचा नियम, आणि सिनेगीतांच्या तासांना गाण्यांचा. दोन वेगळ्या प्लेलिस्ट करून प्रत्येकीला आपापलं वेळापत्रक दिलं की काम झालं.

किती वाजवायच्या याचा हिशोब मालकाच्या कानाने नव्हे, दुकानातल्या माणसाच्या कानाने करावा. समजा दोनच जिंगल आहेत आणि चार मिनिटांच्या दर दोन गाण्यांनी एक लागते. दर आठ मिनिटांनी एक, तासाला साडेसात, दहा तासांत पंचाहत्तर. राजारामपुरीत सकाळी दुकान उघडून रात्री बंद करणाऱ्याने प्रत्येक जिंगल सदतीस-अडतीस वेळा ऐकली. आता आठ जिंगल घ्या आणि दर पंधरा मिनिटांनी एक लावा: दहा तासांत चाळीस, प्रत्येक पाच वेळा. नाव चाळीस वेळा कानावर गेलं आणि कंटाळाही आला नाही. आठ जिंगल म्हणजे आठ वेगळी गाणी रचायची असंही नाही. एकच सुरावट ठेवून आठ आवाज, आठ वाक्यं करता येतात, आणि ओळख सुरावटीने होते. आकाशवाणीची सकाळची सुरावट १९३० च्या दशकात वॉल्टर कॉफमन यांनी बांधली, असं मानलं जातं. त्यात एकही शब्द नाही, तरी ती कुणाची हे सांगावं लागत नाही.

याच प्लेलिस्टमध्ये वाजवण्याचा क्रम ‘शफल्ड’ ठेवावा, ‘रँडम’ नव्हे. शफल्डमध्ये आठही फाइली एकदा वाजून झाल्याशिवाय पहिली परत येत नाही. रँडममध्ये दर वेळी नव्याने चिठ्ठी उचलली जाते, त्यामुळे एकच जिंगल लागोपाठ येऊ शकते. ‘हाइड मेटाडेटा’, म्हणजे जिंगल मोड, चालू ठेवावा, नाही तर श्रोत्याच्या मोबाइलवर गाण्याच्या नावाच्या जागी ‘जिंगल फायनल नवीन २’ असं काहीतरी झळकतं. प्रोमोला मात्र जिंगल मोड नको, कार्यक्रमाचं नाव पडद्यावर दिसलेलं चांगलंच. आइसकास्ट, म्हणजे श्रोत्यांपर्यंत स्ट्रीम पोहोचवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, स्वतः चालवणाऱ्यांनी एमपी३ माउंटच्या (त्या स्ट्रीमच्या) मांडणीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिहावा, तो नसेल तर देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसू शकतात. प्लेलिस्टमध्ये बदल केल्यावर तो लगेच दिसला नाही तर घाबरून पुन्हा पुन्हा बदलत बसू नये. ऑटोडीजेने, म्हणजे आपोआप गाणी लावणाऱ्या भागाने, पुढची दोन-तीन गाणी आधीच रांगेत लावलेली असतात, ती संपू द्यावीत.

तासाच्या ठोक्याला वाजणारी जिंगल सगळ्यांनाच हवी असते. ‘वन्स पर अवर’मध्ये मिनिट शून्य लिहिलं तरी ती बरोबर ठोक्याला वाजत नाही, चालू गाणं संपल्यावर वाजते. ठोका साधायचाच असेल तर ‘इंटरप्ट’ची खूण करावी लागते आणि मग गाणं मधेच तुटतं. भजनाच्या तासात ती खूण करू नये, इतकंच आमचं सांगणं. आणि ‘आता बरोबर नऊ वाजले’ हे वाक्य इंटरनेट रेडिओवर मुळातच खोटं ठरतं. आइसकास्टच्या मूळ मांडणीत नव्या श्रोत्याला सुरुवातीलाच ६४ किलोबाइट साठा दिला जातो. ६४ केबीपीएसच्या स्ट्रीमवर तो सुमारे आठ सेकंदांचा आवाज झाला, ३२ च्या स्ट्रीमवर सोळा. त्यावर मोबाइलचा स्वतःचा साठा वेगळा. दोन दुकानांतले दोन मोबाइल एकच स्टेशन दहा-वीस सेकंदांच्या फरकाने वाजवतात ते यामुळेच. म्हणून ‘नऊ वाजून गेलेत’ म्हणावं, टोले देऊ नयेत.

घड्याळाची आणखी एक खोड. भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. स्टेशनच्या सेटिंगमध्ये टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ केला नाही, तर पहाटे सहासाठी लावलेली ‘शुभ सकाळ, करवीर’ साडेअकराला वाजते. चुकीचा झोन ओळखण्याची सोपी खूण अशी की तासाच्या ठोक्यासाठी लावलेली जिंगल रोज अर्ध्या तासाला ऐकू येते. साडेपाचमधला तो ‘साडे’ तिथे उघडा पडतो. रात्री दहा ते पहाटे सहा असा टप्पा लावताना शेवटची वेळ सुरुवातीच्या वेळेपेक्षा लहान दिसते, ते चालतं, सॉफ्टवेअर रात्र ओलांडतं. वार मात्र सुरुवातीचा धरला जातो. रविवारी रात्री लावलेला टप्पा सोमवारच्या पहाटेपर्यंत रविवारचाच असतो.

सणाच्या जिंगलला वेळापत्रकात शेवटची तारीख लिहायलाच हवी. नवरात्राची जिंगल दिवाळीत वाजणारं स्टेशन सांभाळणारं कुणी नाही, हे श्रोत्याला लगेच कळतं. जाहिरातींची प्लेलिस्ट जिंगलपासून वेगळी ठेवावी. पैसे घेऊन लावलेल्या जाहिरातीचा वाजल्याचा हिशोब द्यावा लागतो, आणि एकाच धंद्यातले दोन जाहिरातदार लागोपाठ आले तर दोघेही नाराज होतात. दिवंगताला श्रद्धांजली वाहण्याच्या दिवसासाठी साध्या, संथ, वाद्यविरहित दोन जिंगलची प्लेलिस्ट तयार करून बंद अवस्थेत ठेवावी. त्या दिवशी शोधाशोध करायला वेळ नसतो.

लाइव्ह कार्यक्रम सुरू झाला की ऑटोडीजे बाजूला होतो आणि त्याच्याबरोबर जिंगलही. तासभराच्या मुलाखतीत स्टेशनचं नाव एकदाही येत नाही ते त्यामुळे. निवेदकाने मिक्स (Mixxx) या मोफत डीजे सॉफ्टवेअरच्या सॅम्पलरमध्ये चार जिंगल भरून ठेवाव्यात: सुरुवातीची, मधल्या विश्रांतीची, परतीची, निरोपाची. निरोपाची वाजवूनच जोडणी तोडावी, म्हणजे वाक्याच्या शेपटीवर गाणं आदळत नाही.

आइसकास्टमध्ये जोडणी होताच प्रत्येक श्रोत्याला एक ‘इंट्रो’ फाइल ऐकवण्याची सोय आहे. कल्पना आकर्षक आहे, पण जपून वापरावी. ती फाइल स्ट्रीमच्याच स्वरूपात, त्याच बिटरेटची आणि त्याच सँपल रेटची हवी, नाही तर काही मोबाइलवर आवाज बंदच पडतो. शिवाय जोडणी तुटून पुन्हा जुळली की ती पुन्हा वाजते. गगनबावड्याच्या घाटात रेंज येते-जाते. तिथल्या प्रवाशाला गाण्यापेक्षा स्वागतच जास्त ऐकू येईल. तीन सेकंदांच्या वर ती नसावी, नसली तरी चालेल.

कायद्याबाबत एक गैरसमज फार पसरला आहे, की गाण्याचे तीस सेकंद वापरले तर चालतात. भारतीय कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, जिंगलसाठी घेतलेल्या चार सेकंदांच्या तुकड्यालाही परवानगी लागते. प्रसारण संस्थांना वैधानिक परवान्याची वाट देणारं कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१-ड इंटरनेटवरच्या सेवेला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. म्हणून एफएमवाल्यांचं पाहून आपण तसंच करू नये. सुरावट स्थानिक वादकाकडून नवी बांधून घ्यावी आणि साध्या कागदावर का होईना, लेखी करार करावा. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावा. मुदत लिहिली नाही तर कायदा हक्क-हस्तांतरण पाच वर्षांचं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. इंटरनेट रेडिओ दुबईतही ऐकला जातो, त्यामुळे हा मुद्दा आपल्यासाठी कागदी नाही.

शेवटचा विषय पुराचा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१९ आणि २०२१ चा पूर या शहराने पाहिला आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. अशा दिवसांत रेडिओवरच्या आकड्यावर माणसं घर सोडायचं की थांबायचं ते ठरवतात. पाणीपातळीचा आकडा असलेली कोणतीही फाइल जिंगलच्या फेऱ्यात टाकू नये. सकाळी मुद्रित केलेलं ‘पाणी ३७ फुटांवर’ रात्री पाणी ४१ वर असताना वाजलं, तर ती चुकीची बातमी आपणच दिलेली असते. फेऱ्यात ठेवायची जिंगल आकड्याविना असावी: ‘पाणीपातळीची ताजी माहिती दर तासाला, याच ठिकाणी.’ आकडा जिल्हा प्रशासनाने दिलेला, त्याच्या वेळेसह, निवेदकाने थेट वाचावा. थेट वाचायला माणूस नसेल तर मुद्रित निवेदनाची वेगळी प्लेलिस्ट करावी, तिला त्या एका तासापुरतीच सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्यावी, ‘इंटरप्ट’ची खूण करावी आणि निवेदनात ‘सकाळी आठची पातळी’ असे शब्द असलेच पाहिजेत. नवी फाइल चढवताना जुनी फाइल प्लेलिस्टमधून काढावी. नुसती नवी वर ठेवून भागत नाही, दोन्ही आळीपाळीने वाजत राहतात. ही प्लेलिस्ट मे महिन्यातच तयार करून, एकदा तालीम घेऊन, बंद करून ठेवावी आणि ती कशी चालू करायची हे किमान तिघांना माहीत असावं. पावसात वीज गेली आणि स्टुडिओ अंधारात असला तरी सर्व्हर दुसऱ्या शहरात चालू असतो, मोबाइलच्या ब्राउझरमधूनही ही प्लेलिस्ट सुरू करता येते. त्या दिवसांत सणाच्या, जाहिरातींच्या आणि हसऱ्या जिंगलच्या सगळ्या प्लेलिस्ट बंद ठेवाव्यात आणि ३२ केबीपीएसची स्ट्रीम स्टेशनच्या पानावर सर्वांत वर आणावी.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि इंटरनेट रेडिओच्या कामातले काही जण,
कोल्हापूर